मोशेही थकला होता



दाईने तान्ह्याला वाहावे तसे या लोकांना मी एकट्याने कसे वाहू, असे मोशे परमेश्वराला विचारतो (गणना, अध्याय 11). परमेश्वराने त्याला दोष दिला नाही. ओझे वाटून घेण्यास 70 वडीलजन दिले.

कोकणात आपली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाई. आई, मावशी रात्री जागत. इथे दिमोना-लोदच्या घरात मध्यरात्री मूल रडते, तेव्हा तिच्याजवळ नवराच असतो. तोही कूस बदलून निजला, तर तिने कोणाकडे पाहावे? दोष आम्हा वडीलधाऱ्यांचाही आहे; मुलगे वाढवताना आम्ही त्यांना हे शिकवले नाही. या शाब्बाथपासून शिकवू या. आणि मुलींनो, मदत मागण्यात लाज नाही, मोशेनेही मागितली. आमेन.