पदकाच्या काठावरचे नाव

२०२५ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत झगा उतरवीत होतो. दाराशी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई येऊन उभी राहिली. हाती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात साखळीचे एक घड्याळ होते, केव्हाच बंद पडलेले. आणि विटलेल्या फितीला लोंबणारे चांदीचे एक पदक. तिचे सासरे पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या आघाडीवर गेले होते, त्यांच्या या वस्तू. नात नर्सिंगला आहे. तिच्या फीचा हप्ता दिवाळीपूर्वी भरावयाचा होता. डबा टेबलावर ठेवून बाईने विचारले, "हे इकलं तं पाप लागीन का, फादर?"

तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या अभ्यासात मी सेमिनरीत कित्येक वर्षे काढली. मालकी, विक्रय आणि न्याय या विषयांवर परीक्षाही दिल्या. तरी मला चटकन उत्तर देता आले नाही. "मावशी, दोन दिवस थांबा," एवढेच म्हणालो. त्या दोन दिवसांत मनात जे येऊन गेले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम त्या पदकाविषयी. १९१४-१८ च्या युद्धानंतर ब्रिटिश सरकारने लक्षावधी सैनिकांना जे चांदीचे पदक दिले, त्यांपैकी ते एक. एका बाजूस राजा पंचम जॉर्ज यांचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोड्यावर आरूढ पुरुष. घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल आणि कवटी. हा स्वार म्हणजे संत जॉर्ज. परंतु हे कुटुंब ख्रिस्ती होण्यापूर्वी, बाईंच्या सासूने ते पदक देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी मांडले होते. चांदीवर उठवलेला घोडेस्वार म्हटला की तो खंडोबाच, याविषयी त्या माउलीच्या मनात शंका नव्हती. पुढे घरात बाप्तिस्मा आला, टाक गेले, पदक राहिले. कोणा मिशनरी धर्मगुरूने हा संत जॉर्ज असल्याचे सांगितले आणि ते क्रुसाच्या पायथ्याशी जाऊन बसले. एकाच धातूच्या तुकड्याने राजाचा, खंडोबाचा आणि संताचा मान घेतला!

खरे पदक मात्र त्याच्या काठावर होते. या पदकांच्या कडेवर ज्याला ते दिले त्या शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. पलटणीची अक्षरे झिजली होती. भिंगातून क्रमांक आणि नाव तेवढे लागले. नावाचे स्पेलिंग कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले, वेडेवाकडे. घरात शंभर वर्षे कोणी ते वाचलेले नव्हते.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात चांदी विकायची म्हटले की पाय खामगावकडे वळतात. एकेकाळी कापसाच्या बाजारासाठी नावाजलेले हे गाव आज 'रजतनगरी' म्हणून ओळखले जाते आणि तिथल्या चांदीच्या शुद्धतेवर लोकांचा विश्वास आहे. जुनी वस्तू तिथे नेली की ती 'मोड' होते. सराफ कसोटीवर घासतो, काट्यावर ठेवतो, घट वजा करतो आणि दिवसाच्या भावाने पैसे मोजतो. यात फसवणूक नाही. काट्याला अक्षर वाचता येत नाही, इतकेच. बाईंच्या पदकात चांदी अडीच-पावणेतीन तोळे. त्या दिवसांत चांदीचा भाव रोज चढत होता. वर्ष संपता संपता त्याने किलोमागे दोन लाख रुपयांची रेषा ओलांडली. म्हणजे बाईंच्या हाती चार-पाच हजार रुपये येणार होते. मराठीत 'भाव' हा शब्द बाजारातही चालतो आणि भक्तीतही चालतो. दोन्ही ठिकाणी एकच शब्द चालवून घेणारी आपली भाषा भोळी की धूर्त, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धातील पुष्कळ पदके आपल्या खेड्यांतून अजून सापडतात. कारण ती तांबे-निकेलची. सराफ ती घेत नाही, म्हणून ती वाचली. पहिल्या युद्धातील पदक चांदीचे, म्हणून ते गेले. ज्या धातूने सन्मान वाढवायचा, त्याच धातूने सन्मानाचा घात केला.

हे लिहिताना मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना वळवाच्या वादळाने चर्चवरचे पत्रे उडाले. पावसाळा तोंडावर, पेटीत पैसा नाही. कपाटात चांदीच्या दोन समया पडून होत्या. वेदीवर त्या कधी लावल्या जात नसत. वरिष्ठांची संमती घेतली आणि मी त्या खामगावी नेल्या. सराफाने समई उलटी करून बुडाला भिंग लावले आणि म्हणाला, "फादर, इथे नाव आहे." एका बालकाचे नाव, त्याच्या जन्माचे साल आणि मृत्यूचे साल. दोन्हींत चार वर्षांचे अंतर. कोणा आईबापांनी लेकराच्या स्मरणार्थ त्या समया चर्चला वाहिल्या होत्या. सराफाने विचारले, "यांचं कोणी आहे का गावात?" मी म्हणालो, "आता कोणी नाही." हे मी चौकशी करून म्हणालो नव्हतो. पत्र्याच्या दुकानदाराला त्याच दिवशी पैसे द्यायचे होते, म्हणून म्हणालो. पत्रे बसले, पावसाळ्यात लोक कोरडे राहिले. ते नाव मी लिहूनही घेतले नाही.

त्या वेळी मी मनाची समजूत संत अम्ब्रोज यांच्या आधाराने घातली होती. चौथ्या शतकात मिलानच्या या बिशपांनी गॉथांच्या हाती सापडलेल्या बंदिवानांना सोडविण्यासाठी चर्चची पवित्र पात्रे फोडली. विरोधकांनी गहजब केला. अम्ब्रोज यांचे उत्तर असे की ख्रिस्तसभेजवळ सोने आहे ते साठविण्यासाठी नव्हे, गरजवंतासाठी खर्चण्यासाठी. माणसे वाचविणे हे धातू वाचविण्याहून श्रेष्ठ. सेमिनरीत हे आम्हांला मोठ्या उत्साहाने शिकविले जाई. पण त्याच प्रकरणात एक बारकावा आहे, तो मी पुष्कळ उशिरा ध्यानात घेतला. अम्ब्रोज यांनी आधी अभिषेक न झालेली पात्रे शोधली, ती मोडली आणि अखेरीस वितळविली. पवित्र चषक चषकाच्या आकारात बाहेर जाऊन कोणाच्या मेजवानीत फिरू नये, ही त्यांची काळजी होती. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या धर्मनियमसंहितेतही, १३०५ व्या कलमात, अभिषिक्त वस्तू जाहीर विक्रीस मांडली तर तिचा अभिषेक लोपतो असे म्हटले होते. चषक मुशीत गेला तर त्याची अब्रू राहते. बाजारात मांडला तर जाते.

पदकाचे नेमके उलटे आहे. चषकाचे पावित्र्य त्याच्या उपयोगात, पदकाचे त्याच्या नावात. चषक वितळला तर दुसरा घडविता येतो आणि त्याच वेदीवर तेच बलिदान होते. पदक वितळले तर एक माणूस पुसला जातो. मी समया विकताना अम्ब्रोज यांचा नियम चुकीच्या वस्तूला लावला होता. त्या समया वेदीच्या होत्या खऱ्या, पण त्याहून अधिक त्या त्या लेकराच्या होत्या.

मग मुशीऐवजी लिलाव बरा काय? 'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला आणि इतका मुरला की तो परका वाटत नाही. लंडनमध्ये जुन्या पदकांचे लिलाव नियमाने होतात. त्यांत आपल्या शेजारची नावे ऐकू येतात. १८०३ साली शेजारच्या जालना जिल्ह्यातील असईला आणि अकोल्यातील अडगावला मराठ्यांशी ज्या लढाया झाल्या, त्यांसाठी इंग्रजांनी चांदीचे पदक काढले ते १८५१ साली, आणि दिले ते तोवर हयात असलेल्यांनाच. फितीवरच्या पट्टीवर गावाचे नाव कोरलेले. अशा पदकाला आज संग्राहक मोठी किंमत देतात, आणि काठावरचे नाव काय यावर ती ठरते. म्हणजे तिथे अक्षर वाचले जाते! सातासमुद्रापलीकडचा संग्राहक पलटणीच्या हजेरीपटात त्या नावाचा शोध घेतो. घरचे लोक मात्र मागची बाजू खंडोबाची की जॉर्जची यापलीकडे गेलेले नसतात. हे कबूल करताना मला अवघड वाटते.

तरीही लिलावाविषयीचा मनातला काटा जात नाही, आणि त्याला आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे इतिहासही आहे. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले. डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. वृद्ध बाकाबाईंनी विरोध केला. तो मोडून काढण्यात आला. तिथे बोली लागली होती, हातोडा पडला होता, पावती झाली होती. विक्रीचे सगळे सोपस्कार होते. विकणाऱ्याची इच्छा तेवढी नव्हती. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनला सोदबीजच्या लिलावात निघाली, ती महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, मिरवणूक निघाली. आनंद झालाच. पण आपल्याच पूर्वजाची वस्तू आपणच बोली लावून आणायची, यात विजय किती आणि नामुष्की किती, हा हिशेब कोणी मांडला नाही.

महात्मा गांधींच्या घड्याळाची कथा याहून गुंतागुंतीची. २००९ च्या मार्चमध्ये त्यांचे झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, ताटवाटी न्यूयॉर्कला लिलावात आली, तेव्हा देशभर संताप उसळला. अखेर विजय मल्ल्या यांनी १८ लाख डॉलरला ती घेतली. ज्यांचा दारूचा व्यवसाय, त्यांनी दारूबंदीच्या पुरस्कर्त्याचे घड्याळ सोडविले! पण गांधीजी स्वतः लिलावाचे वैरी नव्हते. १९३३ च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून त्यांनी हरिजन दौरा सुरू केला, तेव्हा सभेत मिळालेली मानपत्रे आणि चांदीचे करंडक ते तिथल्या तिथे लिलावात काढीत आणि पैसा निधीत टाकीत. जो मान स्वतःला मिळाला, तो त्यांनी स्वतः विकला. त्यामुळे कोणाचे काही पुसले गेले नाही. दुसऱ्याच्या वस्तूचा लिलाव करणाऱ्याला ही मुभा नाही. बाईंच्या डब्यातले पदक तिने मिळविलेले नव्हते, सासऱ्यांनी मिळविले होते. येथवर आल्यावर मला वाटले, उत्तर सापडले: ज्याने कमावले त्यानेच विकावे, वारसाने केवळ सांभाळावे.

हे उत्तर कस्तुरबांनी मोडले. १९०१ साली नाताळहून निघताना गांधीजींना सोन्याचांदीच्या, घड्याळांच्या भेटी मिळाल्या. त्या त्यांनी सार्वजनिक विश्वस्तनिधीस द्यायचे ठरविले. त्यांत कस्तुरबांना मिळालेला गळ्यातला हारही होता. गांधीजींनी आत्मकथेत हा वाद प्रामाणिकपणे नोंदला आहे. हार माझ्या सेवेबद्दल मिळाला की तुझ्या, असे त्यांनी विचारले. कस्तुरबांचा प्रतिवाद असा की तुम्ही केलेली सेवा ती माझीही सेवाच. तुमच्यासाठी मी रात्रंदिवस राबले, ती काय सेवा नव्हे? हार गेला, पण तो युक्तिवाद गेला नाही. बसऱ्याला जो गेला त्याला पदक मिळाले. मागे कोरडवाहू रान कसणाऱ्या, पत्र येत नाही म्हणून रोज वाटेकडे पाहणाऱ्या त्याच्या बायकोचे नाव कोणत्याही काठावर नाही. तिने ते पदक देव्हाऱ्यात ठेवून पुजले. तिच्या सुनेने क्रुसाच्या पायथ्याशी रोज पुसले. मग त्या दोघींनी काही कमावले नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि मोकळ्या इच्छेचे काय? अरिस्टॉटलचे एक उदाहरण आम्हांला पाठ असे: वादळात सापडलेला नावाडी तारू वाचविण्यासाठी माल समुद्रात फेकतो. तो ते आपखुशीने करतो काय? होय आणि नाही. स्वस्थ हवेत कोणी शहाणा माणूस माल फेकीत नाही. बाईंनी पापाविषयी विचारले, तेव्हा मी तिच्या हातातल्या पदकाकडे पाहत राहिलो. वादळाकडे पाहिले नाही. एका मुलीची फी भरण्यासाठी शंभर वर्षांचे नाव काट्यावर चढावे लागते, याची झाडाझडती घ्यायची तर त्या बाईची का घ्यावी? तिच्या धर्मग्रामाची का घेऊ नये? माझी का घेऊ नये?

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. विक्रीत पाप नाही, पण मुशीत घालू नका. निदान नाव तरी लिहून ठेवा. आणि हप्त्याचे आपण सारे मिळून पाहू, असे सांगायचे मनात होते. सोबत भिंग घेतले होते. बाई ओट्यावर शेंगा निवडीत होती. आदल्या दिवशी भाच्याच्या फटफटीवर बसून ती खामगावला जाऊन आली होती. हप्ता भरला होता. तिने कनवटीची पावती काढून माझ्यापुढे धरली. वजन बरोबर मांडले आहे का, एवढे मी वाचून सांगावे, असे तिला वाटत होते. मी वाचले. घट धरून वजन बरोबर होते. घड्याळ सराफाने परत दिले होते. ते गिलटाचे निघाले. मी काहीच बोललो नाही. चहा घेतला आणि परतलो.

नोव्हेंबरात मृतांसाठी अर्पण करावयाच्या मिस्सांकरिता घरोघरहून नावांचे कागद येतात. त्या घरचा कागद नातीच्या हस्ताक्षरात होता. सासू, नवरा, एक दीर, आणि सर्वांत वर सासऱ्यांचे नाव. ते मराठीत लिहिले नव्हते. इंग्रजी अक्षरांत होते, वेड्यावाकड्या स्पेलिंगात. आणि नावाच्या आधी चार आकडे होते. वेदीवर उभा राहून मी ते आकड्यांसकट वाचले.