कसदार मातीचे कुरण

पेरणाऱ्याच्या दाखल्यावर प्रवचन केले नाही असा धर्मगुरू विरळा. वाटेवरची जमीन, खडकाळ जमीन, काटेरी जमीन आणि अखेरीस तीसपट, साठपट, शंभरपट पीक देणारी चांगली जमीन, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की चांगली जमीन म्हणजे कसदार जमीन हे समीकरण आपण कधी तपासून पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. इंग्लंडमधील एका पाणथळ कुरणाविषयी वाचताना ते प्रथम डळमळले.

विल्टशायर परगण्यातील क्रिकलेड या लहानशा गावालगत, थेम्स आणि चर्न या नद्यांच्या बेचक्यात, 'नॉर्थ मेडो' नावाचे कुरण आहे. हिवाळ्यात नद्यांचे पाणी त्यावर चढते, वसंतात ओसरते, आणि एप्रिलमध्ये तेथे फ्रिटिलरीची फुले उमलतात : घंटेसारखी, मान खाली घातलेली, पाकळ्यांवर जांभळ्या चौकटी. जुलैत गवत कापून, वाळवून, उचलून नेले जाते. त्यानंतर १२ ऑगस्टपासून १२ फेब्रुवारीपर्यंत कुरण सामाईक असते. हक्कदार गावकऱ्यांची गुरे तेथे चरतात. या १२ ऑगस्टला जुना 'लॅमस' म्हणतात. लॅमस म्हणजे 'लोफ-मास', नव्या गव्हाच्या पहिल्या पावाची मिस्सा. आपल्या आगेऱ्याचे सख्खे भावंडच म्हणा ना. मूळ दिवस १ ऑगस्ट. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दुरुस्त केलेली दिनदर्शिका इंग्लंडने १७५२ साली, म्हणजे १७० वर्षे रुसून बसल्यावर, स्वीकारली आणि अकरा दिवस गळाले. पण गुरांना नवी दिनदर्शिका कोण शिकवणार? कुरण जुन्याच दिवशी उघडत राहिले.

या रिवाजात एक हिशेब दडलेला आहे. पूर येतो तेव्हा गाळाबरोबर फॉस्फरस आणतो. गवत कापून नेले की तो फॉस्फरस आणि त्याबरोबर नायट्रोजनही कुरणाबाहेर जातो. आलेले घेतले जाते, साठू दिले जात नाही. माती कायम अर्धपोटी राहते आणि म्हणूनच कोणतीही एक वनस्पती इतरांवर कुरघोडी करू शकत नाही. एखादीला नायट्रोजन कमी पडतो, दुसरीला फॉस्फरस. सर्वच जणी थोड्या थोड्या अडलेल्या असतात, आणि त्या अडचणीत सर्वांना जागा मिळते. आपल्या साताऱ्याजवळच्या कास पठारावरही हेच दिसते. जांभ्या खडकावरील पातळ, पावसात चिंब होणाऱ्या निःसत्त्व मातीत सीतेची आसवे ही नाजूक वनस्पती बारीक जीव पकडून आपली गरज भागवते. ती माती सकस असती, तर तिथे सीतेची आसवे नसती, उंच गवत असते.

खत घातले की काय होते, याचा पुरावा हर्टफर्डशायरमधील रॉथमस्टेड येथे मिळतो. ते कुरण पाणथळ नव्हे, परंतु १८५६ पासून तेथे तोच प्रयोग अखंड चालू आहे. ज्या वाफ्यांना काहीच दिले नाही, तेथे आजही चाळीसच्या आसपास जातींच्या वनस्पती नांदतात. ज्यांना अमोनियम सल्फेट भरपूर दिले आणि चुना दिला नाही, तेथे दोन-तीनच उरल्या. (तेथे आम्लतेचाही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.) बाकीच्या मेल्या कशाने? अन्न तर वाढले होते. झ्युरिच येथील संशोधकांनी २००९ साली याचे उत्तर दिले. त्यांनी खत दिलेल्या गवताच्या तळाशी दिवे लावले, आणि एरवी नाहीशा होणाऱ्या लहान वनस्पती तगून राहिल्या. म्हणजे भुकेने नव्हे, त्या अंधाराने मरत होत्या. धष्टपुष्ट गवताने त्यांचे अन्न हिरावले नव्हते. त्यांच्यावर सावली धरली होती.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये विचारले आहे की, देवाने इतक्या नानाविध वस्तू का निर्माण केल्या. त्यांचे उत्तर असे की, देवाचे चांगुलपण कोणत्याही एका निर्मितीतून पुरेसे प्रकट होऊ शकत नाही. एकीत जे उणे पडते ते दुसरीने भरून काढावे, म्हणून अनेकता. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. दोन-तीन जातींचे हिरवेगार, टंच वाफे डोळ्यांपुढे आणले की त्याचा अर्थ लागतो : तिथे गवत वाढले आहे, पण देवाविषयी बोलणारी तोंडे कमी झाली आहेत.

येथे मात्र सावध व्हायला हवे. या कुरणाचा आधार घेऊन कोणी दारिद्र्याचे गोडवे गाऊ लागला, तर तो लबाड होय. उपाशी मूल म्हणजे फ्रिटिलरी नव्हे. १९३०नंतरच्या अर्धशतकात इंग्लंड आणि वेल्समधील ९७ टक्के जुनी कुरणे गेली, पण नांगर घालणाऱ्या, खत टाकणाऱ्या त्या शेतकऱ्यांना महायुद्धातली अन्नटंचाई ठाऊक होती. त्यांना पापी ठरवण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या मला नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. देणे चांगले असूनही ते कुठे पडते आणि किती साठते, याची जबाबदारी देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर असते की नाही? अरण्यात मान्ना पडला तेव्हा एका दिवसापुरताच गोळा करायची आज्ञा होती. ज्यांनी साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी नऊ संध्याकाळी जपमाळ होई. एका घरचे चणे, दुसऱ्या घरची फुले, कोणाची समई, कोणाचा बेसूर पण खणखणीत आवाज. एका वर्षी एका सज्जनाने सगळा खर्च उचलला : मंडप, रोषणाई, पगारी गायकवृंद, केटररचे जेवण. हेतू निर्मळ होता. मी व्यासपीठावरून त्यांचे आभार मानले. तिसऱ्या वर्षी माझ्या ध्यानात आले की चणे उकडणारी म्हातारी आता शेवटच्या खुर्चीवर बसते आणि लवकर उठून जाते. तिचे कोणी काही घेतले नव्हते. त्या झगमगाटात तिच्यापर्यंत उजेड पोहोचत नव्हता, एवढेच. आणि तो मंडप मीच उभा राहून घालून घेतला होता.

पुढे ते गृहस्थ परदेशी गेले आणि देणगी थांबली. मला वाटले, आता सारे पूर्ववत होईल. झाले नाही. कुरणांचेही असेच होते. नायट्रोजन पाण्याबरोबर वाहून जातो, परंतु फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून दशकानुदशके राहतो. नेदरलँड्समध्ये अनेक ठिकाणी तो काढण्यासाठी वरचा थरच खरवडून टाकावा लागला. आणि माती पुन्हा निःसत्त्व झाली तरी फुले आपोआप येत नाहीत, कारण बीजच उरलेले नसते. मग शेजारच्या जुन्या कुरणातले ताजे कापलेले गवत बियांसकट आणून पसरतात.

त्या वर्षी मी शेजारच्या धर्मग्रामातील महिला मंडळाला क्रुसापाशी बोलावले. सहा जणी आल्या, येताना एक टोप चणे घेऊन आल्या. आमची म्हातारी तोवर निवर्तली होती. तिची सून मात्र तिसऱ्या संध्याकाळी पुढे आली आणि चण्यांत मीठ कमी आहे म्हणाली.