पिल्लाला शिक्षा?

आजचा श्लोक गीतेतला, ६.२६. मन जिकडे पळेल तिकडून परत आणायचं, एवढंच भगवंत सांगतात. मारा म्हणत नाहीत.

सोलापुरात आमच्या घरी चार महिन्यांचं पिल्लू आहे. चादरीची टोकं कुरतडतं, हॉलमध्ये शू करतं. शेजारचे काका म्हणाले, "त्यातच नाक घासा, एकदाच कळेल." काय कळेल? मघाची शू आणि आत्ताचा मार यांचा संबंध त्याला लागतच नाही. माणसासमोर करायची नाही एवढंच कळतं, मग ते सोफ्यामागे करतं. कुरतडणंही दुष्टपणा नव्हे. या वयात दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येतात, हिरड्या शिवशिवतात. चादर काढून चघळायचं खेळणं द्यायचं. उठल्यावर, खाल्ल्यावर लगेच बाहेर न्यायचं आणि शाबासकी तिथल्या तिथे.

ज्याला नियमच माहीत नाही, तो अपराधी कसा? मला वाटतं, तो मार शिक्षा नसतोच, आपला राग असतो. आणि बाळ्याच्या खंडोबाला जाऊन देवाच्या कुत्र्यापुढे हात जोडणारेही आपणच!

पुढे ६.३४ मध्ये अर्जुन कुरकुरतो, मन आवरतच नाही म्हणून. उत्तर मिळतं : अभ्यास आणि वैराग्य. वैराग्य चादरीपासून सुरू झालंय. अभ्यासासाठी रात्री दोनचा अलार्म लावलाय.