जर्नल जाड, आत काय?

जर्नलं टेबलावर ठेवा आणि उभे राहा सगळे. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. बॅचमध्ये मुलं वीस आणि रीडिंग विसांचंही ९.८! एकालाही ९.७ येऊ नये? मागच्या दोन ब्युरेटना मी हात लावून पाहिला, कोरड्या ठणठणीत. हसू नकोस रे, तुझ्या वहीत तर शेजाऱ्याची खाडाखोडसुद्धा उतरली आहे.

कमला सोहोनी हे नाव ऐकलंय? गेल्या माना खाली. दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ साली बी.एस्सी. होऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. त्यांनी नकार दिला, कारण अर्ज मुलीचा होता. बाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तोही अटींवर, वर्षभर पारखून घेऊ म्हणून. त्या वर्षात काम असं केलं, की पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. मग केंब्रिज. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं, १९३९ मध्ये पीएच.डी. झाली. प्रबंध ४० पानांचा! तुमचं जर्नल त्याहून जाड आहे. त्यात तुमचं स्वतःचं काय आहे?

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह मोजलं. कुपोषित आदिवासी मुलांना नीरा द्यावी का, हे त्या आकड्यांवर ठरणार होतं. तिथे शेजारच्या वहीत डोकावून चाललं असतं?

‘मॅडम, सीईटीला प्रॅक्टिकल कुठे असतं?’ हेही कानावर आलंय माझ्या. सीईटीला नसेल, पण या ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. उद्या तुमच्यातलंच कोणी रबाळ्याच्या एमआयडीसीत केमिस्ट म्हणून लागेल, सांडपाण्याचा पीएच न मोजता कालचाच आकडा आज लिहील, आणि ते पाणी जाईल आपल्या ऐरोलीच्या खाडीत. खोटं लिहायची सवय कारखान्यात लागत नाही, बाळांनो. ती अशी बारावीच्या लॅबमध्ये लागते.

उद्या सकाळी साडेसातला सगळे हजर. ब्युरेट स्वतः धुवायची, स्वतः भरायची. येईल ते लिहायचं. चुकलं तर का चुकलं, ते शोधायला मी संध्याकाळपर्यंत तुमच्यासोबत थांबेन. उतरवलेल्या जर्नलवर सही मागायला मात्र कोणी येऊ नका.