गॅरेजात न दिसणारा दोष

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा पिपरी मेघेसारख्या वस्तीत गाडीचं एक दुखणं डोकं वर काढतं. गाडी नागपूरहून विनातक्रार येते, दुकानापुढे दहा मिनिटं उभी राहते आणि मग काही केल्या सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, बॅटरी ठणठणीत असते, टाकीत पेट्रोल असतं. अर्ध्या तासाने, काहीच घडलं नाही अशा थाटात, एका चावीत इंजिन सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजात नेली की मिस्त्री ट्रायल मारून येतो आणि म्हणतो, ‘इथे तर बरोबर चालते, भाऊ.’ स्कॅनर लावला तर कोड येत नाही. मग बॅटरी बदलली जाते, नंतर प्लग, नंतर पेट्रोलचा पंप. आणि आठवडाभरात ये रे माझ्या मागल्या. शेवटी सगळ्यांनी हात टेकले की दोन निकाल लागतात. गॅरेज म्हणतं, गाडीत काही दोष नाही. घर म्हणतं, गाडीच पनवती आहे. डिलिव्हरी अमावास्येला घेतली तेव्हाच सांगितलं होतं.

हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे वाटतात. एक यंत्रज्ञाचा, दुसरा श्रद्धाळूचा. पण मला ती एकच चूक वाटते. ‘सापडलं नाही’ या एका अनुभवावरून मिस्त्री ‘नाहीच’ इथे उडी घेतो आणि घरचे ‘दिसणाऱ्यातलं नाही, म्हणून न दिसणाऱ्यातलं आहे’ इथे. दोघांनीही मधला प्रश्न गाळला: दोष असता तर तो या जागी, या वेळी, या अवजाराने दिसला असता का? हा प्रश्न पाश्चात्त्य विज्ञानाकडून उसना आणण्याची गरज नाही. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या मीमांसेत तो नेमका मांडलेला आहे. कुमारिलांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं; मीमांसकच असलेल्या प्रभाकरांनी ते नाकारलं आणि न्यायदर्शनाच्या नैयायिकांनी वेगळ्या वाटेने सोडवलं. पण एका अटीवर फारसा वाद नव्हता. न आढळणं हे नसण्याचा पुरावा तेव्हाच होतं, जेव्हा वस्तू असती तर नक्की आढळली असती. उजेडात स्वच्छ जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही, असं म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत तेच म्हणता येत नाही.

सकाळी आठचं गॅरेज ही या दोषापुरती अंधारी खोलीच असते. इंजिनाच्या फिरत्या दातेरी चाकाजवळ क्रँक सेन्सर नावाचा बोटभर तुकडा बसवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी असते. चाकाचा दात समोरून गेला की तारेत वीज उमटते आणि त्या ठोक्यावरून संगणक ठरवतो की ठिणगी केव्हा द्यायची, पेट्रोल केव्हा सोडायचं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या तारेला कुठेतरी चीर पडते. थंड असताना चिरेची टोकं टेकलेली असतात, तापली की फाकतात. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरणं थांबतं, वारा लागणं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता उतरण्याआधी काही वेळ चढते. म्हणूनच घात धावताना कमी आणि दहा मिनिटं थांबल्यावर जास्त होतो. सेन्सर काढून मल्टिमीटरवर घेतला तर थंडपणी आकडा अगदी योग्य येतो. तोच गरम हवेच्या झोतात धरून मोजला की काही मिनिटांत आकडा उडतो आणि तार तुटल्याचं मीटर दाखवतो. स्कॅनरला कोड का येत नाही, याचं उत्तर तर गमतीचं आहे. ठोके येत नाहीत म्हणजे इंजिनच फिरत नाही, अशी अनेक गाड्यांच्या संगणकाची समजूत होते. मग तक्रार तरी कशाची नोंदवणार? म्हणजे मिस्त्री आणि घरचे यांच्या जोडीला यंत्रानेही तीच चूक केलेली असते.

अर्थात दर वेळी हाच सेन्सर असेल असं नाही. कधी रिलेच्या आतला सुटलेला टाका असतो, कधी घासून उघडी पडलेली वायर, कधी अर्थिंगच्या बोल्टवरचा गंज. माझा मुद्दा त्यांच्यात सारखा काय, हा आहे: दोष वस्तूत असतो, पण प्रकट व्हायला परिस्थितीची जोड लागते. एवढं मान्य केलं की तपासाची दिशाच बदलते. गाडीत काय बिघडलं यापेक्षा ती केव्हा बिघडते, हे आधी विचारावं लागतं. ऊन असताना की नसताना, लांब पल्ल्यानंतर की गावात, टाकी अर्धी असताना की भरलेली. आपल्या तर्कशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात ते हेच: जे असताना घडतं आणि नसताना घडत नाही, त्याच्याकडे बोट जातं. आणि जे केवळ आधी होतं, पण नसतं तरी अडलं नसतं, त्याला नैयायिक अन्यथासिद्ध म्हणून बाजूला सारतात. घट घडण्याआधी कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, पण गाढव घटाचं कारण ठरत नाही. अमावास्येची डिलिव्हरी त्या गाढवाच्या रांगेत उभी आहे. त्याच अमावास्येला त्याच शोरूममधून निघालेल्या बाकीच्या गाड्या मुकाट चालतात, याची चौकशी कोणी करत नाही.

यावर चाणाक्ष वाचक मलाच माझ्या शब्दांत पकडेल. न दिसण्यावरून नसणं सिद्ध होत नाही, तर मग नजर लागली नाही हे तरी कशावरून? आक्षेप बिनतोड वाटतो आणि अर्धा खराही आहे. आपल्याकडच्या तार्किकांनी अशा वस्तूंचं नेहमीचं उदाहरण म्हणून पिशाचच घेतलं होतं: ते दिसण्याजोगंच नाही, म्हणून दिसलं नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही. मीही नाकारत नाही. पण एखादी गोष्ट नाकारता न येणं वेगळं आणि ती या बिघाडाचं कारण म्हणून उभी करणं वेगळं. कारण म्हणून उभं राहायचं तर तिनेही अन्वय-व्यतिरेकाच्या परीक्षेला बसावं. फक्त मे महिन्यात, फक्त दुपारी आणि गाडी थांबवल्यावर दहा मिनिटांनीच लागणारी नजर असेल, तर तिला उष्णता हेच नाव अधिक शोभतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दैव तर गीतेतच सांगितलं आहे. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजताना अधिष्ठान, कर्ता, साधनं आणि विविध हालचाली यांच्यानंतर पाचवं म्हणून दैव येतं. विनोबांच्या पवनारपासून हाकेच्या अंतरावर राहून हे विसरायचं कसं? विसरू नयेच. पण दैव तिथे कशासाठी आलं आहे, हे पुढच्याच श्लोकांत दिसतं. पाच कारणं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची समज कच्ची, असा त्या मोजणीचा रोख आहे. दैव आलं आहे ते कर्त्याचा ताठा उतरवायला. बाकीच्या चार कारणांचा शोध अर्धवट सोडायची मुभा द्यायला नव्हे. ‘माझ्या हाताला सापडलं नाही म्हणजे नाहीच’ म्हणणारा मिस्त्री त्या ताठ्यात बसतो, आणि पहिली चार न तपासता थेट पाचव्यावर जाणारा मालक श्लोक उलटा वाचतो.

शिवाय दैवाची, अदृष्टाची हद्द कुठे सुरू होते हे आधीच ठरवणं किती जोखमीचं आहे, याचा दाखला आपल्याच परंपरेत आहे. वैशेषिक सूत्रांत कणादांनी गतीची कारणं शोधली. आघात, जडपणा, पातळपणा अशी उत्तरं दिली. पण मण्याकडे सुई आपोआप सरकते, म्हणजे आज आपण जिला चुंबकाची ओढ म्हणतो, तिचं कारण मात्र अदृष्ट सांगितलं. त्यांच्या काळच्या साधनांनी त्याहून पुढे जाता येत नव्हतं. ते उत्तर प्रामाणिकच होतं. पण ज्याला त्यांनी अदृष्टाच्या खात्यात टाकलं, तेच चुंबकत्व आज त्या बोटभर सेन्सरात बसून सेकंदाला शेकडो ठोके उमटवतं. अदृष्ट हा शब्द न पाहिलेल्याचं नाव म्हणून वापरला तर माझी तक्रार नाही. पाहू नये अशा गोष्टीचं नाव म्हणून तो वापरला की बिघडतं.

वर्ध्याच्या संदर्भात आणखी एक वाद आठवायला हवा. नोव्हेंबर 1933 मध्ये गांधीजींचा अस्पृश्यताविरोधी दौरा वर्ध्याहूनच सुरू झाला. तो चालू असताना 15 जानेवारी 1934 ला बिहारला भूकंपाने हादरवलं आणि गांधीजींनी ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं म्हटलं. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला: भौतिक आपत्तीची कारणं भौतिकच असतात. तो विरोध गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपलं म्हणणं सिद्ध करता येत नाही, ती श्रद्धा आहे, हेही कबूल केलं. या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. तरी गांधीजींच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या श्रद्धेपायी त्यांनी मदतकार्य थांबवलं नाही. ते स्वतः बिहारमध्ये फिरले. चुकीचं कारण मानूनही त्यांनी हातातलं काम सोडलं नाही.

लिंबू-मिरचीने निदान मनाला शांतता तरी मिळते, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हातातलं काम न सोडण्याच्या या मुद्द्यावरच उभं आहे. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणं हे निदान नव्हे, उपचारही नव्हे. वर्षभर वाहून नेणाऱ्या वस्तूचे ते आभार आहेत आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटून 25 जणांचा जीव गेला, त्यानंतर त्याच जागी अपघात टळावेत म्हणून महामृत्युंजय यंत्र बसवण्यात आलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हरकत घेतली आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. माझा आक्षेप तिथल्या प्रार्थनेवर नाही. यंत्र बसवल्यावर ‘आता इथे होणार नाही’ असं वाटू लागतं, त्यावर आहे. लिंबू-मिरचीचंही तेच. ज्या गाडीचं इंजिन तापल्यावर बंद पडतं, तिचं ते उद्या धावतानाही बंद पडू शकतं. त्या क्षणी स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते. ताशी 120 किलोमीटरची परवानगी असलेल्या रस्त्यावर ही शांतता फार महागात पडते.

राहिला व्यवहाराचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. दुपारच्या उन्हात गाडी दमवून आणायची, तापलेल्या सेन्सरवर मीटर धरून बसायचं, यासाठी छोट्या गॅरेजवाल्याने दिवस का घालवावा? गिऱ्हाईक पार्टचे तीन हजार मुकाट देतं, पण शोधण्याच्या दोन तासांचे पाचशे मागितले तर घासाघीस करतं. मग तोही पार्ट बदलून बघतो. इथे दोष मिस्त्रीइतकाच आपलाही आहे: आपण वस्तूचं मोल मोजतो, ज्ञानाचं नाही, आणि ‘मला सापडलं नाही, दुपारी गाडी तापलेली असताना परत आणा’ असं सरळ सांगणाऱ्याला अडाणी ठरवून दुसरं गॅरेज गाठतो. खरं तर त्याच्या या एका वाक्यात कुमारिलांची अट पूर्ण पाळलेली असते. आपण काय पाहिलं, कोणत्या परिस्थितीत पाहिलं आणि कुठल्या परिस्थितीत पाहणं उरलं आहे, हे तिन्ही त्याने सांगितलेलं असतं. अशा माणसाला न दुरुस्त झालेल्या गाडीचेही पैसे द्यायला हरकत नसावी. आणि मालकानेही डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवून गाडी बंद पडली ती वेळ, ऊन आणि त्याआधीचं अंतर लिहून त्याच्या हाती द्यावं.