हिज्कीयाचे गळू व आमची लाज

मरणोन्मुख हिज्कीयाने रडून प्रार्थना केली. देवाने ती ऐकली. तरी यशयाने गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास लावलीच (२ राजे २०). प्रार्थना व औषध यांत शास्त्र भांडण लावीत नाही. ते आम्हीच लावतो.

१८९५ साली अमेरिकेत एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितले की, आपल्या घराण्यातील पुष्कळजण कर्करोगाने गेले, आपणही तशाच जाऊ. ती तशीच गेली. तिच्या हाती उपाय नव्हता. आज आहे. मोठ्या आतड्यात बहुधा आधी लहानसा कोंब उगवतो, त्याचा कर्करोग होण्यास वर्षे लागतात. दुर्बिणीच्या तपासणीत तो तेथेच काढता येतो. आईवडील वा भावंडांपैकी कोणास हा रोग तरुणपणी झाला असल्यास डॉक्टर ४०व्या वर्षी, किंवा त्या आप्ताच्या रोगाच्या वयाआधी १० वर्षे, जे अगोदर येईल तेव्हा ही तपासणी सांगतात. घराण्यात अनेकांस झाला असेल तर याहूनही लवकर.

पण आम्ही “पोटाचे दुखणे” म्हणून झाकतो. मुलींची लग्ने जमावयाची असतात ना! आमच्या वडिलांचा रोग ४८व्या वर्षी कळला. आम्ही ३८व्या वर्षी जावयाचे, ते लाजेने ४३व्या वर्षी गेलो. दोन कोंब निघाले. धाकट्या भावास वडिलांच्या दुखण्याचे खरे नाव अजून कोणी सांगितलेले नाही. ते पत्र आज रात्री लिहावयास बसणार आहोत.