आधी शून्य जोडा

वीज अजून देऊ नका. रिकामा ब्रेडबोर्ड समोर घ्या आणि त्यावरून सावकाश बोट फिरवा. भोकं दिसायला सुटी, पण एका ओळीतली पाच भोकं आतून एकाच पट्टीनं जोडलेली. मधला चर आला की ते नातं संपतं. चिप त्या चरावर दोन्हीकडे पाय टाकून बसते, ती समोरासमोरच्या पिना एकमेकींना जोडल्या जाऊ नयेत म्हणून.

आता बिद्रीचा ऊसगाळपाचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघाल्यात. वजनकाट्यावर चाकं चढली, की खालचा पोलादी लोडसेल डोळ्याला कळणारही नाही इतका दबतो. त्या दबण्याचं विजेच्या संकेतात रूपांतर होतं. लोडसेलला 5 व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला साधारण 10 मिलिव्होल्ट परत येतात. इथं जरा रेंगाळा. वर्षभराहून जास्त राबून पिकवलेला ऊस, तोडणी टोळीचे हात, आणि प्रोसेसरच्या दाराशी पोचते ती एवढीच कुजबुज.

शिकायच्या 8085 प्रोसेसरच्या किटवर ती ऐकून पाहू. 0809 हा 8 बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी चिप, 5 व्होल्टचे 256 भाग करतो. एक भाग सुमारे 20 मिलिव्होल्टचा. म्हणजे सगळा भार टाकूनही अर्धीच पायरी! म्हणून मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तो लावला तरी 30 टनांच्या काट्यावर एका पायरीत 117 किलो ऊस लपेल. म्हणूनच खऱ्या काट्याच्या पायऱ्या याहून कितीतरी बारीक ठेवाव्या लागतात. तिथं शेतकऱ्याचं बिल ठरतं.

एडीसीचा आकडा किटवरच्या 8255 या चिपच्या एखाद्या पोर्टवर येतो. तिच्या तीन पोर्टांच्या मिळून 24 तारा. पण प्रोसेसरकडं जाणाऱ्या आठ तारा सगळ्या चिपांच्या सामायिक. ज्या चिपला हाक आली तिनंच बोलायचं. बाकीच्या गप्प राहतात, म्हणजे शून्य म्हणत नाहीत, तारेवरचा हातच सोडून देतात. हे हात सोडणं मला फार सुंदर वाटतं.

एकदा दोन बोर्डांचं ग्राउंड एकमेकांना जोडायचं माझ्याकडून राहिलं. आकडे भरकटू लागले. प्रोग्रॅम तीनदा तपासला, चिप बदलली. चूक एका काळ्या वायरीची होती. व्होल्टेज नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजतात, आणि माझ्या दोन बोर्डांचं शून्यच एक नव्हतं. ट्रॉली चढण्याआधी काट्याच्या पडद्यावर शून्य आहे ना, हे जाणता शेतकरी वाकून बघतो, ते याचसाठी.

तेव्हा आता काळी वायर हातात घ्या. किट आणि ब्रेडबोर्ड, दोन्हींची ग्राउंडं जोडा. मल्टिमीटरची टोकं टेकवा, बीप ऐका. लाल वायर त्यानंतर.